दहिवराच्या वेळेची घंटा

करडई वाळायला लागली की बांधावरून जाताना साडीचा काठ हातात धरून चालावं लागतं. काल मुखेडहून येताना एसटीनं मला फाट्यावर सोडलं आणि जवळची वाट म्हणून मी कोंडाबाईच्या शेतात घुसले. व्हायचं तेच झालं. एका झाडानं पोटरीला असा ओरखडा काढला की तोंडातून "अगं आई गं" निघालं. मग हसूच आलं. म्हटलं, आलीस का बाई परत! वर्षभर हिची आठवणसुद्धा नसते. सोयाबीन येतं-जातं, तूर येते, ज्वारी हुरड्याला येते, आणि मग एक दिवस ही काटेरी बया पोटरीला हात लावून सांगते, की आता माझे दिवस. तिचे दिवस म्हणजे आमचेही. राखेचा बुधवार ह्याच सुमारास येतो. फादर येऊन आमच्या कपाळाला राख लावतात, आणि तिथून ईस्टरपर्यंत आम्हा ख्रिस्ती लोकांचा प्रायश्चित्ताचा काळ. राख कपाळाला आणि ओरखडा पोटरीला, दोन्ही घेऊनच मी दर साली ह्या मोसमात शिरते.

आणि शिरले की ते एक वर्ष आठवतं. आमच्या घराला कुलूप लागायची वेळ आली होती, ते वर्ष.

मी कॅथलिक सिस्टर आहे. जन्म उदगीरकडचा, शिक्षण नर्सिंगचं, स्वभाव तापट. हा तिसरा गुण व्रतं घेतल्यावर जाईल असं माझ्या आईला वाटलं होतं. गेला नाही. मुखेडच्या आतल्या अंगाला, एका छोट्या गावाच्या कडेला आमच्या संघाचं घर आहे. घर म्हणजे काय, पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं दवाखान्याची खोली, आणि पाठीमागं एक प्रार्थनाघर, ज्यात दाटीवाटीनं वीसेक माणसं बसावीत. अंगणात लिंबाचं झाड. त्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा तारेनं टांगलाय. तीच आमची घंटा. लोखंडी दांड्यानं ठोकली की शिवारभर जाते. पहाटे पाचला ती वाजते आणि आम्ही प्रार्थनेला बसतो. तासभर. थोडा वेळ स्तोत्रं म्हणायची, बाकी सगळा वेळ गप्प.

आता करडई न पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही काढायची ती दहिवरातच. पहाटेचं दव पडलेलं असतं तोवर तिचे काटे मऊ असतात, हाताला चिंध्या गुंडाळून बाया सपासप विळा चालवतात. ऊन वर आलं की तेच काटे सुयांसारखे ताठ होतात, मग तिला हात लावायची कुणाची छाती नाही. म्हणून काढणीच्या दिवसांत बाया चारलाच घर सोडतात. आमच्या फाटकावरून जातात तेव्हा आम्ही अजून गोधडीत असतो. त्यांच्या चपलांचा फट् फट् आवाज, एखादीचा खोकला, कुणाची तरी दबकी हसण्याची लकेर, आणि मग पुन्हा सामसूम. पाचला घंटा होते तेव्हा त्या अर्ध्या रानात पोचलेल्या असतात. घंटा ऐकली की त्या विळा थांबवतात, कंबर सरळ करतात, कुणीतरी एक जोरात ओरडते, "वाजली गं बायांनो!" मग घोट घोट पाणी पिऊन पुन्हा वाकतात. ही आरोळी मला प्रार्थनाघरात ऐकू येते. आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ती छापलेली नाही, पण माझी प्रार्थना तिथूनच सुरू होते.

आणि दगड. दगडांचं सांगायचं राहिलंच.

हे कधी सुरू झालं ते मला नक्की सांगता यायचं नाही. बहुतेक कोंडाबाईनंच सुरू केलं. कोंडाबाई म्हणजे आमच्या पलीकडच्या शेताची मालकीण. घरची बागायत नाही, पण जिरायत जमीन चांगली, जीभ त्याहून चांगली. एकदा संध्याकाळी तिनं मला सांगितलं होतं, "शिस्टर, लेकीचे दिस भरलेत, उद्या तुमच्या देवाजवळ तिचं नाव काढा." मी म्हटलं, काढीन. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचं होतं, पण पहाटे जाताना आम्ही झोपलेलो. तिनं काय करावं? रस्त्यातली एक पांढरी गारगोटी उचलली आणि फाटकाच्या खांबावर ठेवून गेली. संध्याकाळी म्हणाली, "दगड दिसला का? तो माझा हाय. आजचंबी नाव काढलं पायजे." तेव्हापासून ती रीतच पडली. ज्या बाईच्या मनात काही असेल ती जाता जाता खांबावर दगड ठेवते. घंटा ठोकून झाली की मी फाटकापाशी जाते, पदरात दगड गोळा करते, आत नेऊन वेदीच्या पायरीशी ठेवते. कुणाचा कुठला, मला ठाऊक नसतं. कुणाची सासू आजारी, कुणाचा नवरा पुण्याला जाऊन फोन करीना, कुणाचं काय. देवाला म्हणते, बाबा, मला कळत नाही, तुला कळतं, बघ तू.

मोठ्या प्रार्थनेच्या गोष्टी करणाऱ्या माणसांची मला भीती वाटते. माझी प्रार्थना काही तशी नाही. मी डुलक्या घेते. मला दुधाची आठवण येते, गॅसची येते, आदल्या दिवशी कुणाला काय बोलले ते आठवून कान तापतात. कधी कधी वर्षंच्या वर्षं आत काही हलत नाही. आई गेली त्या साली मी त्या प्रार्थनाघरात नुसती भिंतीकडं बघत बसायची. शब्द येईनात, रडू येईना, देव तर गावातच नव्हता असं वाटायचं. तेव्हा मी पायरीवरचा एक दगड उचलून हातात धरायची. दहिवरानं गार पडलेला, ओलसर. कुणाचा तरी. म्हणायची, माझं जाऊ दे, हिचं तरी ऐक. असं करत करत ते वर्ष निघालं. लोकांना वाटतं सिस्टर बायांसाठी प्रार्थना करतात. खरं सांगू का, त्या साली बायांनीच मला प्रार्थनेत धरून ठेवलं, नाहीतर मी उठून गेले असते.

तर ते कुलपाचं वर्ष. राखेचा बुधवार झाला आणि दोनच दिवसांनी मदरचा फोन आला. मदर म्हणजे आमच्या संघाच्या ह्या भागातल्या प्रमुख. बाई सरळ, हिशेबी, वाकडं न बोलणारी. म्हणाल्या, "सिस्टर, गावात सरकारी उपकेंद्र झालंय ना? कसं चालतं?"

"छान चालतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोला? नवी इमारत, चुणचुणीत मुलगी बसते तिथं, लसी वेळेवर, गोळ्या फुकट. आमच्या दवाखान्यात आता जुन्या ओळखीच्या म्हाताऱ्या तेवढ्या यायच्या, त्याही गप्पा मारायला.

"शाळा आपली नाही. दवाखान्याची गरज उरली नाही. नांदेडच्या वसतिगृहात मुली वाढल्यात, तिथं दोन सिस्टर कमी पडतात. मग तुम्ही दोघी तिथं नेमकं काय करता?"

"प्रार्थना करतो, मदर."

मग मदर अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, आणि तो मऊपणाच मला लागला, "प्रार्थना कुठंही करता येते, सिस्टर. नांदेडलाही करता येते. मग तिथंच का?"

मला उत्तर आलं नाही. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला उत्तर आलं नाही! मदर म्हणाल्या, ईस्टरच्या आधी मी येईन, गाव बघेन, लोकांशी बोलेन, आणि मग ठरवू. मी फोन ठेवला आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिले. वर रुळाचा तुकडा. खाली माझ्या चपला. वाटलं, हे सगळं जाणार. मी नसले तर गावाचं काही अडणार नव्हतं, हे मला पुरतं माहीत होतं, आणि तेच तर दुखत होतं.

घरातली दुसरी सिस्टर जसिंता. वसईची, वयानं लहान, कामाला वाघीण. तिनं ऐकलं आणि पदर खोचला. "आपण काम दाखवू सिस्टर! रक्तदाबाची तपासणी ठेवू, बायांचं शिबिर घेऊ. पहाटे चारलाच दवाखाना उघडा ठेवू, काढणीच्या बाया जाताना औषध घेऊन जातील. फक्त तेवढं पहाटेचं आपलं प्रार्थनेचं... ते संध्याकाळी ढकललं तर? महिनाभरच."

"नाही," मी म्हटलं.

"पण घर वाचवायचंय ना आपल्याला?"

"कशासाठी वाचवायचं? ज्याच्यासाठी आलो तेच खुंटीला टांगून घर वाचवलं, तर त्या घराला काय लोणच्यात घालायचं? तुला शिबिर घ्यायचं तर घे, दुपारी घे, मी येते मदतीला. पण पाचची घंटा पाचलाच होईल."

जसिंता तोंड फुगवून गेली. बरोबरच होतं तिचं. मी शब्द वापरले ते तिखट वापरले, आणि मदरच्या प्रश्नाचं उत्तर तरी माझ्यापाशी कुठं होतं? नुसतीच जिद्द होती. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. ज्या दिवशी माझी प्रार्थना बुडते, त्या दिवशी दवाखान्यात माझा हात जड होतो. इंजेक्शन तेच, गोळी तीच, पण समोरची म्हातारी पुन्हा तेच दुखणं सांगायला लागली की मी तिला मध्येच तोडते. आणि ज्या दिवशी तास भरतो, नुसता डुलक्या घेत का होईना, त्या दिवशी तिचं सगळं दुखणं मी शेवटपर्यंत ऐकते. ह्याचं कारण मला सांगता येत नाही. पण म्हाताऱ्यांना ते कळतं. एक तर मला तोंडावर विचारायची, "आज बसली न्हाईस वाटतं?"

दिवस चालले होते. पळसाला फूल आलं, विहिरी खाली गेल्या, दुपारी पत्रा तापायला लागला. दर शुक्रवारी आम्ही दोघी क्रुसाची वाट करायचो, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेचे टप्पे आठवत प्रार्थना, गावातली चार ख्रिस्ती घरं यायची. सगळीकडं वाळलेल्या करडईचा तो कोरडा, तेलकट वास. आणि पहाटे चारला फट् फट्, फट् फट्, बाया चालल्या. मी गोधडीत पडून ऐकायची आणि मोजून ठेवल्यासारखं वाटायचं, की हे आवाज आता थोडेच दिवस ऐकायचे.

मग जसिंता औषधं आणायला नांदेडला गेली आणि मुक्कामाला राहिली. त्याच रात्री मला ताप भरला. असा की पहाटे उठायला गेले तर जमीन फिरली आणि मी पुन्हा बाजेवर पडले. पाच वाजले. सव्वापाच झाले. घंटा नाही. मी डोळे मिटून पडले होते आणि मनातल्या मनात दांडा हातात घेत होते, पण हात काही उचलेना.

तेवढ्यात फाटक करकरलं. खूप पावलं. विळे भिंतीला टेकवल्याचा खणखणाट. कोंडाबाई दारातून आत डोकावली, मागं सुमनबाई. सुमनबाई म्हणजे काढणीच्या टोळीची म्होरकी. उक्तं काम घेते, दहा-बारा बायांना घेऊन हिंडते. घर बौद्ध, बोलणं रोखठोक.

"ताप हाय गं हिला!" कोंडाबाईनं माझ्या कपाळाला हात लावला. "म्हून घंटी न्हाई झाली. म्या म्हणलं साप-बिप चावला का काय."

"तुम्ही कामून आलाव?" मी कशीबशी म्हटलं. "दहिवर जाईल. करडई राहील ना."

"ऱ्हाऊ दे की. उद्या बी दहिवर पडणार हाय." मग ती बाहेर वळून ओरडली, "सुमन, ठोक गं तेवढी!"

आणि सुमनबाईनं घंटा ठोकली. अशी ठोकली की लिंबावरचे कावळे उडाले. मला वाटलं झालं, आता जातील रानात. पण पावलं फाटकाकडं गेली नाहीत. पाठीमागं गेली, प्रार्थनाघराकडं. मधली भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं. चपला काढल्याचा आवाज. कुजबुज.

"आता काय करायचं असतंय?" एक आवाज.

"म्या बघितलंय खिडकीतून," सुमनबाई म्हणाली. "गप बसायचं असतंय."

"किती?"

"ती उजाडस्तोवर बसती."

आणि त्या बसल्या. रोजगार बुडवून, दहिवर सोडून, हाताच्या चिंध्यांसकट. कुणाला विठ्ठल, कुणाला महादेव, सुमनबाईला बुद्ध, माझ्या येशूच्या समोर गप्प. त्यांची पुस्तकं वेगळी, देव वेगळे, पण ती जागा आज रिकामी ठेवायची नाही एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. पलीकडं मी तापात पडलेली, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. पंचवीस वर्षं व्रतं पाळली, चिंतनं ऐकली, साधना केली, पण प्रार्थना म्हणजे काय ते मला त्या दिवशी भिंतीपलीकडून समजलं. उजाडलं तेव्हा काटे ताठ झाले होते. त्या दिवशी कोंडाबाईच्या शेतात पुन्हा विळा लागला नाही. दुपारी ती माझ्यासाठी ज्वारीच्या कण्या घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "तुमचा खाडा झाला की कोंडाबाई." ती म्हणाली, "झाला की. खावा आता गुमान."

झावळ्यांचा रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा, त्याच्याही आधी मदर आल्या. जसिंतानं तोवर बायांची चांगली तालीम घेतली होती. मदर विचारतील, गरज काय? तर म्हणायचं, उपकेंद्र दुपारनंतर बंद असतं. म्हणायचं, सिस्टर बाळंतपणाला मदत करतात. म्हणायचं, गोळ्या, इंजेक्शनं, रक्तदाब. कोंडाबाईनं मान डोलावून सगळं पाठ केलं. मी ह्यात पडले नाही. मला ते पटत नव्हतं, आणि ते उधळायचंही धाडस होत नव्हतं.

मदर लिंबाखाली खुर्चीवर बसल्या, बाया जमिनीवर. ऊन उतरलं होतं. मदर म्हणाल्या, "सिस्टर नांदेडला गेल्या तर तुमचं काय अडेल? मोकळेपणानं सांगा."

कोंडाबाई उठली. पदर सारखा केला. "उपकेंद्र दुपारनंतर बंद असतंय," ती म्हणाली. जसिंताचा चेहरा उजळला. "आन् गोळ्या... आन् इंजेक्शन... आन् रक्त..." कोंडाबाई अडली. जसिंताकडं बघितलं. मग एकदम हात झटकून म्हणाली, "जाऊ द्या बाई, माझ्या काय ध्यानात ऱ्हात न्हाई. गोळ्यांचं बघतंय की सरकार! त्याच्यावाचून अडत न्हाई काय बी."

जसिंतानं डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, कोंडाबाईनं स्वतःच्या हातानं कुलूप लावलं.

"मग?" मदरनं विचारलं.

"मग काय! पाहाटं ह्या बसत्यात ना. तेवढं पायजे."

"प्रार्थनेला?"

"व्हय."

मदर तोच मऊ आवाज काढून म्हणाल्या, "बाई, त्या तर नांदेडलाही बसतील. तुमची नावं तिथंही घेतील. देव काय, तिथलंही ऐकतो."

"देवाला ऐकू येईल की," कोंडाबाई म्हणाली, "पर आमाला कसं येईल? तिकडं नांदेडात बसल्या का झोपल्या, आमाला कसं कळंल? हितं घंटी झाली की रानात कळतंय, बसल्या म्हून. मग आमी वाकताव."

मी मदरकडं बघितलं नाही. मला बघवलंच नाही. जो प्रश्न मी महिनाभर उरावर घेऊन हिंडत होते, त्याचं उत्तर ह्या बाईनं भाकरी थापावी तसं दोन थापांत देऊन टाकलं होतं.

मग सुमनबाई उठली. "म्याडम, मी सांगते. आमी बौद्ध हाव. तुमचा देव आमी मानत न्हाई, आन् मानणारबी न्हाई, ते आधीच सांगून ठिवते."

"बरं," मदर म्हणाल्या. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"माझ्या पोराच्या पोलीस भरतीसाठी म्या लई दगड ठिवले. पोरगं लागलं का? न्हाई लागलं. आता नांदेडला दुकानात काम करून राहिलंय. मग म्या दगड ठिवायचं सोडलं का? न्हाई सोडलं. कामून? तर माझं कुणीतरी मनात धरून एक तास गप बसतंय. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात पाच मिंट धरलं न्हाई!"

हशा असा उसळला की फाटकावरची शेळी बुजली. मदरसुद्धा हसल्या, तोंडावर हात ठेवून. कोंडाबाईला तर ठसकाच लागला. आणि हसता हसताच मदर म्हणाल्या, "दगड? कसले दगड?"

मी त्यांना प्रार्थनाघरात नेलं. वेदीच्या पायरीशी त्या मोसमाचा ढीग होता. पांढऱ्या गारगोट्या, काळे खडे, विटेचा एक तुकडा, कुणी घाईत उचललेलं मुरमाचं ढेकूळ. मदर त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. मागून दारात बाया जमल्या होत्या. सुमनबाई मागून म्हणाली, "शिस्टर आजारी होती तवा आमीच बसलो होताव. जागा रिकामी ठिवायची न्हाई म्हून." मदर बराच वेळ उठल्या नाहीत. मी जसिंताकडं बघितलं, तिचे डोळे भरले होते. तिनं माझा हात धरला आणि घट्ट दाबला.

बाहेर आल्यावर मदर बायांना म्हणाल्या, "मी हे घर बंद करायच्या विचारानं आले होते. आता माझीच पंचाईत झाली. ह्या दोघींना मी नेलं तर तुम्ही काय घंटा वाजवायची थांबणार नाही. उद्या मला विचारतील, सिस्टर नांदेडला आणि सिस्टरांची प्रार्थना मुखेडच्या रानात, हा काय कारभार? त्यापेक्षा सिस्टर इथंच राहू देत. दवाखाना बंद करायचा तर करू. घंटा चालू ठेवा." कोंडाबाईनं पुढं होऊन मदरच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. इतक्या मोठ्या मदरची दृष्ट त्याआधी कुणी काढली असेल असं मला वाटत नाही. मी आत पळाले. आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि पदरात तोंड खुपसून रडले, हसले, दोन्ही एकदमच. जिंकलो होतो! आणि ते आमच्या कुठल्याही कामानं नाही. ज्याला लोक रिकामपण म्हणतात, त्या एका तासानं जिंकलो होतो.

त्या ईस्टरला आमच्या मेणबत्तीची ज्योत मला जरा जास्तच मोठी वाटली. जसिंतानं हालेलुया असं काही म्हटलं की चार घरांच्या आवाजात चाळीस घरांचं बळ आलं.

पण मदरचं एक सांगायचं राहिलं. बायांशी बोलणं झालं त्या रात्री त्या आमच्याकडंच राहिल्या आणि पहाटे लवकर, बायांच्याही आधी, गाडीनं निघाल्या. मी पाचला घंटा ठोकली, फाटकापाशी गेले. खांबावर रोजच्यासारखे दगड होते. बाया एकावर एक ठेवतात, म्हणून वरचा शेवटचा. सगळे उचलले तेव्हा अगदी तळाशी, सगळ्यांच्या आधी कुणीतरी ठेवलेली, एक छोटी गारगोटी होती. तिच्याखाली रुमालाची चिंधीसारखी घडी, वाऱ्यानं उडू नये म्हणून दाबलेली असावी तशी. रुमाल मी ओळखला. मदरचा होता. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही आजवर विचारलं नाही. तो दगड मी पदरात घेतला, आत नेला, आणि त्या तासात मला डुलकी आली नाही.

मदर आता निवृत्त आहेत, दूर असतात, तब्येत बरी नसते. जसिंता दुसऱ्या गावी गेली, तिथं तिनं पहिलं काम काय केलं तर रुळाचा तुकडा शोधला. दवाखाना आम्ही खरंच बंद केला. त्या खोलीत आता पोरी अभ्यासाला बसतात. इकडं बऱ्याच जणांच्या शेतात काढणीला यंत्र येतं, पण कोंडाबाईचं चढउताराचं रान, तिथं यंत्र चालत नाही, म्हणून सुमनबाईची टोळी अजून येते. दर साली राखेच्या बुधवारी मदरचा फोन येतो. यंदाही आला, काल संध्याकाळी. आवाज फार बारीक झालाय.

"करडई आली का, सिस्टर?"

"आली, मदर. ओरखडा काढला तिनं मला."

"माझा दगड?"

"आहे. आपल्या जागेवर आहे."

"असू दे," त्या म्हणाल्या. "इथं पहाटे झोप लागत नाही मला. पाच वाजले की बरं वाटतं. आता तुम्ही बसल्या असाल, एवढं डोळ्यांपुढं येतं."

आज पहाटे दहिवर चांगलं पडलं होतं. लिंबाची पानं ओली, दांडा हाताला गार. फट् फट् करत बाया केव्हाच गेल्या होत्या, खांबावर दगड ठेवून. मी रुळावर दांडा मारला. एकदा, पुन्हा एकदा, आणि मग मन भरेस्तोवर. आवाज पलीकडच्या उतारावर गेला. मी थांबले. आणि अंधारातून, वाळल्या करडईच्या पार आतून, सुमनबाईचा तो खणखणीत आवाज आला,

"वाजली गं बायांनो!"

मी पदरात दगड भरले आणि आत जाऊन बसले.